नऊ अंश

१

आमच्या दवाखान्यात तोल तपासायची तीन यंत्रं आहेत. दोन महागडी, महिन्यातून एकदा हमखास रुसणारी. तिसरं म्हणजे एक काळी प्लास्टिकची बादली. ती कधी रुसत नाही.

बादलीच्या आत, तळाशी, अंधारात चमकणारी एक पट्टी चिकटवलेली आहे. बाहेरून तळावर गोल कोनमापक, त्याच्या मध्यातून सोडलेला दोरा आणि दोऱ्याला वजन म्हणून एक नट. पेशंटनं खुर्चीत बसून बादलीत तोंड घालायचं, पाणी पिणाऱ्या घोड्यासारखं. मी बादली तिरकी फिरवते आणि हळूहळू सरळ करत आणते. पट्टी उभी झाली असं वाटलं की पेशंटनं ‘थांबा’ म्हणायचं. दोरा ज्या आकड्यावर असेल तो मी वहीत लिहिते. शून्य म्हणजे उत्तम. एक-दोन अंश इकडेतिकडे सगळ्यांचेच असतात. त्यापुढे गेलं की सरांना हाक मारायची.

सर म्हणजे कानाचे डॉक्टर. नव्या पेशंटला ते नेहमी एकच गोष्ट सांगतात. “वर कुठे आणि खाली कुठे, हे आपल्याला तीन साक्षीदार सांगतात. डोळे, तळपाय, आणि गवंड्याकडे असते तशी एक पाणसळ, कानाच्या आत. दोघांचं जमलं की ते तिसऱ्याला खोटं पाडतात. तिघं तीन दिशांना गेले, की माझी फी.”

रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी मी स्वतः बादलीत तोंड घालते आणि काउंटरवरची ताई ती फिरवते. सात वेळा. माझं उत्तर शून्य आलं तर बादली ठीक, अशी आमची पद्धत. माझ्याआधीच्या मुलीचा डोळा तीन अंश कलला, ती आता फायली लावते. मी दिसायला बरी, शिक्षणानं बेताची, आणि बोलते इतकी कमी की लोकांना वाटतं मला सगळंच पटलंय. पण सरळ काय ते मला कळतं. तीन वर्षं त्यावर माझी नोकरी टिकून होती, आणि खरं सांगायचं तर माझा ताठाही.

२

लग्न झालं आणि मी दवाखान्यापासून चालत वीस मिनिटांवरच्या घरी राहायला आले. सपाट रस्ता, एकसारखी घरं, त्यातलं शेवटून दुसरं. माणसं तीन. सासरे, आयुष्यभर सुतारकाम केलेले आणि आता फक्त दुसऱ्यांच्या सुतारकामाला नावं ठेवणारे. सासूबाई. आणि माझा नवरा, जो लिफ्ट दुरुस्त करतो. “जावई दिवसभर वर-खाली करणार,” असं माझे काका लग्नात म्हणाले होते आणि एकटेच हसले होते.

पहिल्या सकाळी सासूबाईंनी टेबलावर चहा ठेवला. कपातला चहा एका बाजूनं काठाला टेकला होता आणि दुसऱ्या बाजूनं बोटभर खाली होता.

मी वाकून पाहिलं. टेबलाच्या दोन पायांखाली लाकडी पाचरी होत्या. डुगडुगणाऱ्या टेबलाखाली आपण पुठ्ठ्याची घडी सारतो, तसलं काही नाही. रंधा मारलेल्या, पॉलिश केलेल्या, टेबलाच्या रंगाच्या. कपाटाखाली तशाच. आमच्या नव्या कोऱ्या पलंगाखालीसुद्धा.

“आई, टेबल कललंय का थोडं?”

“कुठे?” सासूबाईंनी टेबलाकडे पाहिलंही नाही. “पी गं चहा. होते सवय.”

सासरे पेपरामागून म्हणाले, “माझ्या टेबलाला वाकडं म्हणणारी ही पहिलीच सून.”

“पहिलीच सून आहे, बाबा,” नवरा म्हणाला. “दुसरी कुठून आणायची?”

सगळे हसले. मीही हसले. माझी बशी हळूहळू घसरायला लागली होती. सासूबाईंनी न बघताच तिच्यापुढे चमचा आडवा ठेवला.

स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्यामध्ये चार पावलांचा पॅसेज होता. तिथला दिवा भर दुपारीही चालू असायचा. तिथून जाताना प्रत्येक जण भिंतीला तळहात लावून जायचा. बोलणं चालू असलं तर ते तिथेच तोडायचं आणि पुढचं वाक्य पलीकडे जाऊन बोलायचं. मी मनाशी म्हटलं, प्रत्येक घराला एक खोड असतेच. माझ्या माहेरी कुलूप लावल्यावर ते चौघं जण आळीपाळीनं ओढून बघतात.

३

महिन्याभरानं बादलीचा दोरा तुटला. घरी सुतार असताना दुकानात कशाला जा, म्हणून मी बादली घरी घेऊन आले. सासऱ्यांनी स्वतःच्या ओळंब्याचा दोरा कापून पाच मिनिटांत काम केलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. नवऱ्यानं बादली पाहिली आणि त्याला राहवेना.

“हीच का तुझी सवत? दिवसभर हिच्याबरोबर असतेस ती?”

“बस खुर्चीत. तोंड घाल.”

“बाबा, बघा, लग्नाला जेमतेम महिना झाला आणि तोंड बादलीत घालायला लावते.”

मी बादली फिरवली. त्यानं “थांब” म्हटलं. दोरा नऊवर होता. मला वाटलं, थट्टा करतोय. पुन्हा फिरवली, दुसऱ्या बाजूनं आणली. नऊ. सात वेळा केलं. सातही वेळा नऊ.

सासूबाई आधी नको-नको म्हणाल्या, मग पदर खोचून बसल्या. नऊ. सासरे बसले. नऊ.

माणसाला एकच प्रश्न सात वेळा विचारला तर सात जवळजवळची उत्तरं येतात. हेच मी तीन वर्षं पाहत आले होते. इथे तीन माणसांची एकवीस उत्तरं एक होती. मी खुर्ची उलटी फिरवून नवऱ्याला पुन्हा बसवलं. नऊच, पण आता दुसऱ्या बाजूला. म्हणजे तिघांचंही ‘खाली’ खोलीच्या एकाच भिंतीकडे ओढलं गेलेलं होतं. त्या भिंतीमागे पॅसेज होता. पाचरीही सगळ्या त्याच बाजूच्या पायांखाली होत्या.

नऊ अंश कललेले पेशंट मी पाहिलेत. ते दोघांच्या आधारानं येतात आणि येताना पिशवीत उलटी करतात. माझ्या सासूबाई चार कप भरलेला ट्रे एका हातावर नेतात.

“काय गं, आम्ही पास की नापास?” त्यांनी विचारलं.

“पास,” मी खोटं बोलले.

नवरा आणि त्या हसत उठले. सासरे हसले नाहीत. ते बादलीवरचा दोरा बघत होते. “सूनबाई, तुझं किती येतं?”

“शून्य.”

“अजून?” ते म्हणाले.

४

ज्याचं कामच मोजण्याचं असतं, तो घाबरला की मोजायला लागतो. सासरे बाहेर गेल्यावर मी त्यांच्या पेटीतली पाणसळ काढली आणि घरभर फरशीवर ठेवत गेले. बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये. भिंतींना ओळंबा लावला. घर इतकं सरळ होतं की बांधणाऱ्याचे पाय धरावेत. टेबल मात्र नऊ अंश.

“काय मोजतेस?” सासरे दारात उभे होते.

“घर मोजत होते, बाबा.”

“घर सरळ आहे. रोज उभं राहून बांधून घेतलंय मी.”

“मग टेबल?”

“तेही सरळ आहे.”

“दोन्ही कसं सरळ असेल?”

त्यांनी माझ्या हातातून पाणसळ घेतली आणि धूळ पुसावी तसा तिच्यावरून अंगठा फिरवला. “यात पाणी असतं, सूनबाई. पाण्याला काय कळतंय?”

त्याच आठवड्यात नवरा दवाखान्याच्या इमारतीची लिफ्ट बघायला आला होता. मी त्याला ओढतच आत नेलं आणि बादलीपुढे बसवलं. शून्य. पुन्हा शून्य. मला इतकं हलकं वाटलं की मी सरांसमोर त्याच्या डोक्यावर टपली मारली. म्हणजे माणसात काही नव्हतं, सगळं त्या घरात होतं. लहानपणापासून तिरक्या टेबलांत आणि तिरक्या कपाटांत वाढलेल्या माणसाचे डोळे त्या खोल्यांत फसणारच. असं होतं, सरांनीच सांगितलं होतं.

बादलीत तोंड घातल्यावर खोली दिसत नाही, एवढा एक भाग मी या हिशेबातून वगळला.

५

बुधवारी मला सुट्टी असते. दुपारी सासूबाई स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या, पुरुष कामावर आणि गावात. मी पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिले.

तोलाची सगळ्यात साधी तपासणी बिनयंत्राची असते. पाय जुळवायचे, हात छातीशी बांधायचे, डोळे मिटायचे आणि तीस सेकंद उभं राहायचं. कितीही धडधाकट माणूस असो, तो हलतो. घोट्यांतून, गुडघ्यांतून, किंचित पुढे, किंचित मागे. उभं राहणं म्हणजे दर क्षणाला थोडं पडणं आणि थोडं सावरणं. हे मी पेशंटना इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगेन.

मी डोळे मिटले आणि मनात आकडे मोजायला लागले. एक, दोन, तीन. मी हलत होते, नेहमीसारखी.

पाचाला मी हलायची थांबले.

भाजीच्या देठांचा आवाज येत होता, दिव्याची बारीक गुणगुण येत होती, आणि माझं शरीर खुंटीला अडकवलेल्या सदऱ्यासारखं स्थिर होतं. घोटे काही करत नव्हते. तळपायांवरचा भार उतरला होता, पाण्यात उतरल्यावर उतरतो तसा. मी पडत नव्हते, म्हणून सावरतही नव्हते. मला आधी बरं वाटलं, हे कबूल करते. मग कळलं की बरं का वाटतंय. दोन्ही कानांच्या वर, केसांतून, काहीतरी टेकलं होतं. न्हावी बोटांच्या टोकांनी आपलं डोकं धरतो ना, ‘समोर बघा’ म्हणत, तितकंच हलकं. आणि न्हावी करतो तसंच त्यानं माझं डोकं जरासं कलतं केलं.

“डोळे उघड! अगं, डोळे उघड आधी!”

सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्या राहून हाती लागलेल्या लाटण्यानं चौकट बडवत होत्या. आत आल्या नाहीत. मी डोळे उघडले. पॅसेजमध्ये दिवा होता, भिंती होत्या, मी होते.

“किती वेळ?”

“तीस सेकंद... नाही, माहीत नाही, आई.”

त्या मटकन स्टुलावर बसल्या. “एकतीस वर्षं झाली मला या घरात. इथून जाताना मी पापणीसुद्धा एकदम लववत नाही. आधी एक डोळा, मग दुसरा.” त्यांनी करून दाखवलं, डावा, मग उजवा. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मला हसू आलं असतं.

“इथे काय आहे, आई?”

“काय असणार? पॅसेज आहे.” त्यांनी भाजीचं ताट पुढे ओढलं. “मला कुणी सांगितलं नव्हतं. मी दोन-चार सेकंदच मिटले होते, केसांत पिन खोचताना. तुला सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं, सांग?”

६

दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीत माझं उत्तर सहा आलं.

“ताई, नीट फिरव ना.”

“नीटच फिरवतेय. तूच झोपेत आहेस. नवी नवरी!”

सात वेळा सहा. आता जे मी केलं ते कुठल्याही शहाण्या माणसाला सुचणार नाही. ते फक्त तीन वर्षं रोज शून्य येणाऱ्या माणसालाच सुचू शकतं. मी ठरवलं की बादली चुकली. सासऱ्यांनी दोरा बांधला तेव्हाच कोनमापक सरकला असणार. मी तो सोलून काढला, सहा अंश फिरवून पुन्हा चिकटवला आणि परत तोंड घातलं. शून्य. मला हायसं वाटलं, आणि त्यानंतर सकाळी स्वतः बादलीत तोंड घालणं मी टाळायला लागले.

पुढचे नऊ दिवस येणारा प्रत्येक पेशंट उलट्या बाजूला सहा अंश कललेला निघाला. मी इमानेइतबारे सगळ्यांचे आकडे लिहिले. सरांनी औषधं दिली. एक निवृत्त टंकलेखिका आल्या होत्या, त्यांचा फक्त सर्दीनं कान गच्च झाला होता. त्यांना चक्करीच्या गोळ्या दिल्या गेल्या, आणि त्या गोळ्यांनी गुंगी येऊन त्या जिन्यावरून पडल्या. मनगट मोडलं.

त्या दिवशी सरांनी वही चाळली आणि बादली उचलून टेबलाच्या कडेला लावून बघितली. मग मला बसवलं आणि स्वतः फिरवली. बराच वेळ फिरवत राहिले.

“कोनमापक कुणी हलवला?”

“मी, सर.”

“का?”

“बादली चुकली होती.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. “बादली बरोबर होती,” ते अगदी हळू म्हणाले. “तू आत्ता चौदावर ‘थांबा’ म्हणालीस.”

७

कान तपासले, डोकं तपासलं, रक्त तपासलं. सगळं उत्तम. मी भिंत न धरता चालत होते, उलटी नाही, काही नाही. मला फक्त काउंटरवर बसवलं गेलं. फायली लावणारी मुलगी माझ्याशी फार गोड वागायला लागली.

मी सरांना एक गोष्ट सांगितली नाही. दवाखान्यातून घरी जाणारा रस्ता उताराचा झाला होता. डोळ्यांना तो सपाटच दिसायचा. पाऊस पडला की पाणी जागच्या जागी साचायचं. पण पावलं आपोआप भराभर पडायची, गुडघ्यांना ब्रेक लावावा लागायचा. सकाळी उलट. सकाळी मला दम लागायचा. वीस मिनिटांचा रस्ता पस्तीस मिनिटांचा झाला. रोज थोडा अधिक चढ. घरात पाऊल टाकलं की मात्र चढ-उतार संपायचा, उरायचे फक्त नऊ अंश. आता टेबल मला सरळ दिसायचं. चहा कपात तिरका असायचा आणि मला वाटायचं, चहाचंच काहीतरी चुकतंय.

सासूबाई माझ्याकडे बघायच्या आणि जास्तीचं वाढायच्या. त्या एकतीस वर्षांत माहेरी गेल्या नव्हत्या, हे मला ऐकून माहीत होतं. सासऱ्यांनी कामं घेतली ती चालत जाण्याच्या टप्प्यातली. नवऱ्यानं मोठ्या शहरातली, दुप्पट पगाराची नोकरी नाकारली होती. ‘घरकोंबडी माणसं आहेत,’ असं लग्नाआधी माझी आई कौतुकानं म्हणाली होती.

“जागा बदलून बघ,” सर म्हणाले. “ज्या घरात हे सुरू झालं तिथून थोडे दिवस लांब राहा. माहेर किती लांब?”

“बसनं पाच तास.”

“मग जा. बरी होऊन आलीस तर बादली तुझीच आहे. नाही झालीस तर...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. सज्जन माणूस आहे.

मला माझी बादली परत हवी होती. म्हणजे माझं शून्य परत हवं होतं. ते गेलं तर मागे जी उरेल तिला मी काय म्हणून हाक मारणार होते?

८

मी बॅग भरत होते. नवरा दारात उभा राहून बघत होता.

“लांब गेलं की वाढतं,” तो म्हणाला.

मी साड्यांच्या घड्या करायची थांबले. “तुला काय माहीत?”

तो पलंगावर बसला. “दवाखान्यात बादली तू माझ्या तोंडावर दाबली नव्हतीस. पेशंटच्या दाबतेस. सर बघत होते, म्हणून लाजलीस. गालाजवळ फट राहिली होती. त्यातून मला दाराची चौकट दिसत होती.”

“म्हणजे शून्य...”

“चौकटीचं शून्य होतं. माझं बारा-तेरा असेल तिथे. मी लहान होतो तेव्हा पॅसेजमध्ये डोळे बांधून खेळलो होतो. बाबांनी मारलं होतं.” तो नखं बघत होता. “बाहेर फक्त डोळ्यांवर चालायचं. खिडकी, खांब, माणसं, सगळं सतत बघत राहायचं. म्हणून लिफ्टचं काम घेतलं. तिथे सगळीकडे उभ्या रेघा असतात.”

“आणि मला सांगितलं नाहीस.”

“सांगितलं असतं तर लग्न केलं असतंस?”

मला ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हे त्याला कळलं.

“आई एकदा निघाली होती माहेरी,” तो म्हणाला. “तिसऱ्या थांब्यावरून परत आली. बाबा नदीच्या पुलापर्यंत गेलेत. त्यापुढे आमच्यातलं कुणी गेलं नाही.”

“पुढे काय होतं?”

“तेच म्हणतोय. कुणाला माहीत नाही. पुढे कदाचित सुटत असेल. दोरी ताणून ताणून शेवटी तुटते, तसं.”

“आणि नाही सुटलं तर?”

त्यानं उठून कपाटावरून दुसरी बॅग काढली. “तिकीट किती वाजताचं आहे?”

निघताना सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डबा माझ्या हातात दिला. सासरे मात्र पायऱ्यांपर्यंत आले. “खिडकीशी बसा,” एवढंच म्हणाले.

९

सकाळची बस. स्वच्छ ऊन. मैदानातून जाणारा, पट्टीनं आखावा तसा रस्ता. आमच्या पुढे एक बाई मांडीवर टोपली घेऊन पेंगत होती.

नदीच्या पुलापर्यंत बस घाट चढत असल्यासारखी वाटली. पूल ओलांडला तेव्हा मी पाठीनं सीटला चिकटले होते. त्यापुढे मला आकडे कळेनासे झाले. पन्नास असेल, साठ असेल. सीटची पाठ आता माझी गादी होती आणि मी तिच्यावर पडून वर बघत होते. वर ड्रायव्हर होता, त्याच्यापलीकडे काच, काचेत आभाळाऐवजी रस्ता. पुढची बाई भिंतीला ठोकलेल्या खिळ्यासारखी आडवी निघालेली. तिची टोपली पडत नव्हती. डोळे सांगत होते, सगळं जागच्या जागी आहे. बाकीचे दोन साक्षीदार माझ्या कानात आणि पायात ओरडत होते.

“खिडकी बघ,” नवरा म्हणाला. “खांब बघ. पुढचा खांब. त्याच्या पुढचा.”

“तुला किती आहे?”

“बघ ना खांब.”

साडेतीन तासांनी बस एका फाट्यावर थांबली. इथे आम्हाला बस बदलायची होती. एक टपरी, एक बाकडं, चार झाडं. कंडक्टरनं दार उघडलं.

“चला, फाटा, फाटा! उतरा पटापट!”

नवरा आधी गेला. सीटचे दांडे एकामागून एक धरत तो दारापर्यंत पोचला आणि खाली उतरला. मी त्याच्यामागे दारात आले आणि थांबले.

माझ्या डाव्या हाताला, आम्ही आलो तो रस्ता. आता तो रस्ता नव्हता. साडेतीन तास खोल अशी एक सरळ विहीर होती, आणि मी तिच्या काठावर. पायरीवरून पाय उचलला की मी झाडांच्या, खांबांच्या, पुलाच्या बाजूनं पडत पडत त्या घरापर्यंत जाणार होते. हे मला जितकं पक्कं कळत होतं तितकं आयुष्यात काही कळलं नव्हतं.

“तिकडे बघू नकोस,” नवरा म्हणाला. “माझ्याकडे बघ.”

मी तिकडे बघितलं.

रस्ता बारीक होत होत जिथे ठिपका होतो, तिथे एक ठिपका होता. काळा, स्थिर. माणूस असावा, नसावा. विहिरीच्या तळाशी उभं राहून कुणी वर बघावं, तसं ते वर बघत होतं. मी बघितल्यावर ते बाजूला सरकलं, जागा करून दिल्यासारखं.

“ओ ताई, उतरताय की राहताय?” कंडक्टर म्हणाला. “सपाट जमीन आहे, दरी नाही खाली!”

बसमधलं कुणीतरी हसलं. मी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. तो उन्हात, धुळीत, माझ्याकडे हात पुढे करून उभा होता आणि चेहऱ्यानं हसत होता, रोज कामावरून आल्यावर हसतो तसा. त्याचा दुसरा हात दाराच्या दांड्यावर होता. त्या हाताची बोटं पांढरी पडली होती. मनगटावर शिरा दोरीसारख्या उठल्या होत्या, खांदा कानापर्यंत ओढला गेला होता. आणि बुटांच्या टाचा जमिनीला टेकलेल्या नव्हत्या.

तो उभा नव्हता. तो लटकत होता. साडेतीन तास खोल विहिरीवर एका हातानं लटकत होता, आणि दुसरा हात त्यानं माझ्यासाठी सोडला होता.

“ये,” तो म्हणाला. “धरतो मी.”

मी दोन्ही डोळे उघडे ठेवले आणि त्याचा हात धरला.